कर्णशास्त्र मंडळाची अकोल्याची बैठक

उमरावती,
कार्तिक वद्य षष्ठी, शके १८६०

प्रिय शैला,

तुझ्या पत्रातली शाई जागोजागी फुटली आहे, म्हणजे बाईसाहेब रडत रडतच लिहायला बसल्या होत्या. उत्तराला उशीर झाला म्हणून माझ्यावर रागावलीही असशील. उशिराचं कारण पुढे येईलच. आधी डोळे पूस, माडीवर जा, दाराला कडी घाल आणि मग वाच. हे पत्र बापूकाकांच्या, म्हणजे तुझ्या तीर्थरूपांच्या, हाती पडता कामा नये. वाचून झालं की सरळ चुलीत घाल.

तू लिहितेस, वामनरावांचं स्थळ बापूकाकांनी मोडलं. मुलगा दर्यापूरच्या शाळेत मास्तर, माणसं चांगली, पत्रिका जुळलेली, शिवाय तुझ्या दादाचा जिवाभावाचा मित्र. सगळं पसंत, पण कान चिकट. कानाची पाळी खाली सुटी नाही, गालाला चिकटलेली. आणि खामगावचे ते बिजवर वकील, ज्यांची थोरली मुलगी तुझ्या बरोबरीची दिसते, त्यांचे कान मात्र गणपतीसारखे ऐसपैस आणि लोंबते, म्हणून येत्या मार्गशीर्षात त्यांच्याशी साखरपुडा. वर तू मलाच विचारतेस, की तुझे बाबा एवढे नावाजलेले कर्णशास्त्री, तर चिकट कानावर काही उपाय, काही शांत, काही तोड त्यांच्या शास्त्रात असेल ना?

शैला, भिंतीला टेकून बैस. कर्णशास्त्र नावाचं शास्त्र या जगात नाही. ते आमच्या ओसरीवर चिवडा खाता खाता तयार झालेलं आहे, आणि त्याचं अर्धंअधिक मी माझ्या हातानं सुवाच्य अक्षरात लिहून काढलेलं आहे.

तू मॅट्रिक होऊन अकोल्याला परत गेलीस, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. इथे एक मस्तकशास्त्री आले होते. काळा कोट, छातीवर बिल्ले, पेटीभर सर्टिफिकिटं. माणसाचं डोकं चाचपून त्याचा स्वभाव आणि भविष्य सांगत. नाटकगृहात व्याख्यान झालं. गावातले मोठमोठे वकील पगड्या काढून रांगेत उभे राहिले, आणि तो गृहस्थ एकेकाच्या टाळूवर बोटं फिरवून हा न्यायाधीश होणार, हा दिवाण होणार, असं सांगत सुटला. आमचे बाबा पडले फिलॉसॉफीचे प्रोफेसर, तर्कशास्त्र शिकवणारे. त्यांच्यानं राहवेना. उठून त्यांनी अदबीनं एकच प्रश्न विचारला, की महाराज, आपण आपलं स्वतःचं डोकं कधी चाचपून पाहिलंत काय? झालं, लोक बाबांवरच उखडले. खाली बसा, खाली बसा, असा गलका झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात बराच वेळ स्वतःच्या कानाकडे पाहत राहिले आणि मला हाक मारून म्हणाले, कुंदे, लोकांना प्रश्न नको आहेत, उत्तरं पाहिजेत. मग आपण देऊ की.

असं आमचं वऱ्हाड कर्णशास्त्र मंडळ निघालं. अध्यक्ष प्रोफेसर हरिहर मुळावकर. सभासद म्हणजे कॉलेजातले बाबांचे सोबती, एक डॉक्टर, दोन वकील. नियम एकच आणि कडक: बैठकीत हसायचं नाही. जो हसेल त्यानं गोदूआत्याच्या हातची कडुलिंबाची चटणी सगळ्यांसमोर चाटायची. तुला आमची आत्या आठवते ना? ती चटणी ती मनापासून वाटायची, कारण हा सगळा पोरखेळ तिला मुळीच पसंत नव्हता. दर धुळवडीला वडाळीच्या तलावावर रोडगे आणि वांग्याची भाजी करून वार्षिक अधिवेशन व्हायचं. तिथे बाबा डोक्याला उपरणं गुंडाळून गंभीर चेहऱ्यानं निबंध वाचत. लोंबत्या कानाचा माणूस दीर्घायुषी. टोकदार कानाचा कज्जेदलाल. डॉक्टर एकदा इतके आतल्या आत हसले, की उचकी लागून त्यांना रोडगा खाववेना.

मग कोणीतरी म्हणालं, हे छापलं पाहिजे. बाबांनी 'कर्णपत्रिका' नावाचं चोपडं काढलं. त्यात जर्मन पंडितांची नावं घातली, जी बाबांनी जेवता जेवता रचली होती. संस्कृत श्लोक घातले, तेही त्यांचेच. आणि चिकट कानाच्या पुरुषाचं महापातक म्हणून काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? असा पुरुष घरात बायकोचं ऐकतो आणि त्यामुळे कुळाचा ऱ्हास होतो. मी ते उतरवून घेताना म्हटलं होतं, बाबा, निदान इथे तरी वाचणारा हसेलच. बाबा म्हणाले, बघू.

कोणी हसलं नाही. निदान अकोल्यात तरी नाही. बापूकाकांना तू ओळखतेसच. छापलेलं, कलमं पाडलेलं आणि खाली सही असलेलं काहीही त्यांच्यापुढे ठेवा, ते प्रमाणच मानतात. वकिलीत जन्म गेला त्यांचा. त्यातून चोपडं त्यांच्या बालमित्राचं. त्यांनी ते साऱ्या बाररूमला वाचून दाखवलं. तुमच्याकडचे निम्मे वकील अशिलाचे कान पाहून वकीलपत्र घ्यायला लागले म्हणे. आमच्या दारावर भाजी घेऊन येणाऱ्या पार्बताबाईला मी हे सांगितलं तेव्हा ती टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "काहून वं माय, कान पाहून का मानूस समजते? बैल घ्याले गेले तरी लोक दात पायतेत." आणि तिनं वांगी मोजायला घेतली.

आता ते सांगते जे तुला माहीत आहे असं तुला वाटतं, पण नाही. गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झालं आणि लगेच बापूकाका तुझ्या दादाला घेऊन मला पाहायला आले. तुला घरी सांगितलं गेलं की कान जुळले नाहीत, म्हणून बापूकाकांनीच माघार घेतली. त्यातली माघार तेवढी खरी.

स्थळ गोदूआत्यानं ठरवलं होतं. मला नको होतं. तुझा दादा नको होता असं नाही हं, नीट वाच. मला ते लग्न तेव्हा नको होतं. बी.ए.ची परीक्षा चार महिन्यांवर आलेली, आणि बापूकाकांनी आधीच कळवलेलं, की आता शिकणं पुरे, आमच्या घरात पदवी टांगायला खुंटी नाही. मी बाबांना सांगितलं. बाबा कळवळले. पण शैला, आमचे बाबा वर्गात देवालाही प्रश्न विचारतील, बहिणीला नाही विचारणार. आई गेल्यावर आत्यानंच आम्हाला सांभाळलं. आणि आईच्या आजारात बापूकाका महिनाभर कोर्ट सोडून आमच्याकडे येऊन राहिले होते. त्या दोघांना तोंडावर नाही म्हणायचं बाबांच्या जिवावर आलं. ते नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

मंडळी आली. मी पोहे दिले, नमस्कार केला, पाटावर बसले. चाल बघू पोरी, वाच बघू पोरी, सगळं झालं. पत्रिका तर जुळलीच होती. एवढ्यात बापूकाकांनी खिशातून आपलं ते चोपडं काढलं आणि भरल्या बैठकीत बाबांना म्हणाले, "हरिहर, आता पोरीचे कानही पाहून घे. तुझंच शास्त्र आहे, आपल्याच घरी काहून लपवून राहिला?" बाबांचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगावं, तर वर्षभर अकोल्यात त्या शास्त्राचा डंका पिटणारा मित्र चारचौघांत वेडा ठरतो. आणि मोजावं, तर पोटची पोर स्वतःच्याच थट्टेत अडकते.

मी उठले. कपाटातून मंडळाचा कान मोजायचा पितळी कॅलिपर आणला. बाबांनी तो फिजिक्सच्या प्रयोगशाळेतून मागून आणला होता, कायमचा. आणि मी बापूकाकांना नम्रपणे म्हटलं, काका, शास्त्राप्रमाणे आधी वराचे कान मोजायचे असतात. असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण बापूकाका म्हणाले, बरोबर आहे, शास्त्र म्हणजे शास्त्र. आणि ज्या पाटावर मी बसले होते त्या पाटावर तुझा दादा येऊन बसला. आत्यानं तोंडाला पदर लावला. गावातल्या कोणत्या मुलीनं पाहायला आलेल्या मुलाला पाटावर बसवून त्याचे कान मोजले असतील, सांग. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. पण तो हसला नाही. मान थोडी खाली केली, माझा हात पोचावा म्हणून, आणि हळूच म्हणाला, नीट मोजा, घाई नाही.

मग बाबांनी माझे कान मोजले. कॅलिपर डोळ्यांजवळ नेला, मिटला, पुन्हा उघडला, आणि वर्गातल्या त्या खणखणीत आवाजात निर्णय दिला. मुलाचे कान उत्तम. मुलीचेही उत्तम, परंतु अपक्व. अशा कानाच्या मुलीचं विद्याध्ययन अर्धवट तोडून लग्न केलं, तर सासरा वर्षाच्या आत ठार बहिरा होतो. विद्या पुरी झाल्यावर दोष आपोआप जातो. बैठकीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. बापूकाकांना नसती आली, कारण त्यांच्या डाव्या कानानं तेव्हाच निम्मं काम सोडलं होतं, आणि ते बाबांना चांगलं ठाऊक होतं. काकांनी डाव्या कानाला हात लावला, पोह्यांचा पुढचा घास घेतला नाही, आणि साडेचारच्या गाडीनं परत गेले. मी परीक्षा दिली, पास झाले, आणि आता इथल्या मुलींच्या शाळेत शिकवते. ते सगळं तुला ठाऊकच आहे.

त्यानंतर मात्र बाबांच्या दारात माणसं यायला लागली. कोणी मुलीच्या कानाचा ठसा कागदावर उमटवून आणी, कोणी जावयाचा. प्रिन्सिपॉलसाहेबांनी बाबांना बोलावून सांगितलं, की हे थांबवा, नाहीतर नोकरीचा विचार करावा लागेल. उमरावतीत यापुढे मंडळाची बैठक होणार नाही असा बाबांनी शब्द दिला आणि तो पाळला. कॅलिपर कपाटात गेला. आत्यानं चटणीचा पाटाही धुऊन ठेवला.

आणि मग तुझं पत्र आलं. मी ते बाबांना वाचून दाखवलं. चिकट कान आणि कुळाचा ऱ्हास इथपर्यंत आले, तेव्हा त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. तसेच उठले आणि बापूकाकांना त्यांनी सगळं खरं लिहून टाकलं. शास्त्र खोटं, श्लोक माझे, जर्मन पंडित जन्मालाच आले नाहीत, वामन मुलगा हिरा आहे, पोरीला त्याला दे. आम्ही काकांच्या उत्तराची वाट पाहत होतो, म्हणून तुला लिहायला उशीर झाला. काल उत्तर आलं. काका लिहितात, हरिहर, तुझा विनय पाहून डोळे भरून आले. खरे विद्वान आपल्या शोधाचं श्रेय असंच झटकून टाकतात. पण माझ्या शैलीच्या भल्यासाठी मला तुझ्या शास्त्राबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला. मी मात्र खूप हसले, शैला, माफ कर. माझी चटणी ठरलेली आहे.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, कुंदे, खरं बोलून तर पाहिलं. आता शास्त्रालाच पुढे सरकवायला पाहिजे. आणि आमटीत भात तसाच ठेवून ते सांगायला लागले. मला वाटतं, त्यांनी आजवर केलेल्या संशोधनात एवढंच खरं आहे.

तर ऐक. येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं बाबा आणि मी बडनेऱ्याहून अकोल्याला येतो. मंडळाची खास बैठक तुमच्याच दिवाणखान्यात भरेल. शब्द उमरावतीपुरता दिला होता, अकोला जिल्हा वेगळा. प्रिन्सिपॉलसाहेबांना ही वकिली पटली नाही तर काय, असं मी विचारलं, तर बाबा म्हणाले, मग कुंदा पगार आणेल आणि मी चिवडा करीन. दादाला तार केली आहे. तो वामनरावांना दर्यापूरहून घेऊन येईल, आणि बापूकाकांना बैठकीची वर्दी व खामगावकरांना मानानं बोलावणं गेलं आहे. बाबा जाहीर करतील की शास्त्र आता पुढे गेलं आहे, कानाचा आकार ही जुनी, बाल्यावस्थेतली पद्धत. नव्या संशोधनाप्रमाणे अखेरचा निर्णय कानाच्या रंगाचा. कन्येला मधोमध बसवायचं, तिच्यासमोर एकेका वराचं नाव स्पष्ट उच्चारायचं, आणि ज्या नावाला तिचे कान लाल होतील, तो वर निसर्गानं नेमलेला. त्यापुढे कोणाचं चालत नाही, बापाचंही नाही. बापूकाकांना अगदी तुझ्याजवळ बसवणार आहोत. नाव नीट ऐकू आलं नाही तरी चालेल, त्यांना दिसलं म्हणजे झालं.

मे महिन्यात मी कुरडया घालायला तुमच्याकडे आले होते, आठवतं? आपण गच्चीवर चीक घेऊन बसलो होतो आणि दादानं खालून नुसतं ओरडून सांगितलं, वामन आला आहे, चहा टाका. तुझे कान अंबाडीच्या बोंडासारखे लाल झाले होते. उन्हाचं आहे म्हणालीस. आपण सावलीत होतो, शैला. तेच मी बाबांना काल जेवताना सांगितलं, आणि त्यावरून हे सारं निघालं. खामगावकरांचं नाव घेतल्यावर तुझ्या कानाचं काय होतं ते मला माहीत नाही, पण तुझ्या पत्रातल्या शाईवरून अंदाज येतो.

म्हणून हे पत्र. रविवारी तुला काय करायचं आहे तेवढं सांगायला. ती कानावरून केस घेण्याची नवी टूम त्या दिवशी नको. काकूंकडून घट्ट अंबाडा घालून घे, कुड्या काढून ठेव, दोन्ही कान मोकळे पाहिजेत. मी मात्र केस कानावरून घेऊनच येणार आहे. दादाही तिथे असेल आणि माझी विद्या आता पुरी झाली आहे, हे त्याच्या लक्षात आहे की नाही मला ठाऊक नाही. तू विचारू नकोस. आधी तुझं होऊ दे. सगळं आधीच कळलं, आता कान लाल होतील का, अशी भीती तुला वाटेल. वाटू दे. कान ठरवून लाल करता येत नाहीत आणि ठरवून थांबवताही येत नाहीत. बाबांना गंभीर राहण्याचं सोंग करावं लागेल, मला कॅलिपर धरून उभं राहण्याचं, दादाला काही माहीत नसल्याचं. त्या भरल्या दिवाणखान्यात तू एकटीच अशी असशील, जिला काही सोंग करावं लागणार नाही. नुसतं त्याचं नाव ऐक.

तुझीच,
कुंदा